थंड चुलींची मोजणी

सावरकोटात दिवे गेले की गावभर चर्चा व्हायची. दिवे लागले म्हणून चर्चा झाली ती पहिल्यांदा २०४४ च्या जानेवारीत. नगरपालिकेने पाच संध्याकाळींचं 'प्रकाशपर्व' जाहीर केलं आणि गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'लायटिंग' करून टाकलं. गोंडराजांनी बांधलेला साडेतीन मैलांचा परकोट, ज्याच्या आडोशाला लोक कशासाठी जात ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, तो धुऊनपुसून नवरदेवासारखा उभा केला गेला. वेशींवर रंगीत झोत बसले, तलावावर ड्रोनची तालीम सुरू झाली. नागपूर-हैदराबादहून पाहुणे येणार म्हणून बसस्टँडवरच्या भजेवाल्याने दुसरी कढई घेतली.

झोत आणि ड्रोन काय, कुठल्याही गावात असतात. सावरकोटच्या लायटिंगची खरी मिजास वेगळी होती. इथे भिंत स्वतःच्या उजेडाने उजळणार होती, आणि ती उजळवणार होती गावचीच मुलगी, केतकी उरकुडे.

केतकी चौतीस वर्षांची, भौतिकशास्त्रातली डॉक्टर. बोलणं भरभर आणि खाणं उभ्याउभ्या. तिचे वडील हेमराज उरकुडे निवृत्त भूकरमापक, म्हणजे गावच्या भाषेत मोजणीवाले. वय सहासष्ट. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून बापलेकीचं रोज फोनवर बोलणं असे. केतकी कुठेही भाषणाला उभी राहिली की सुरुवात वडिलांपासून करी. माझ्या बाबांनी या कोटाचा फूट न फूट मोजलाय, म्हणे, आणि आयुष्यात एक इंच चुकीचा लिहिला नाही. मोजायचं कसं ते मी त्यांच्याकडून शिकले. उरकुडे अशा वेळी पहिल्या रांगेत बसलेले असत आणि मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

केतकीच्या शोधाचं मूळ तसं जुनंच होतं. कोटाचा दगड वालुकाश्म, म्हणजे गार आणि फेल्स्पार या खनिजांच्या बारीक कणांचा घट्ट बसलेला गोळा. या कणांमध्ये डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या खाचा असतात. जमिनीतून आणि आकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग कणांतले इलेक्ट्रॉन सतत हुसकत राहतो आणि त्यातले काही या खाचांत अडकून बसतात. वर्षं जातील तसे ते वाढत जातात. ऊन लागलं की ते सुटतात, आणि सुटताना अगदी किंचित उजेड टाकतात. शाळेतल्या मुलांना सांगताना केतकी म्हणे, गळक्या नळाखाली बादली ठेवलीय असं समजा. थेंबथेंब भरत राहते आणि ऊन आलं की कोणीतरी ती पालथी करतं. सावलीतली बादली मात्र भरतच राहते.

मडकी नि वाळू किती जुनी ते काढायला हे तंत्र पूर्वीपासून वापरत. पण त्यासाठी दगडाचा तुकडा काढून अंधाऱ्या खोलीत न्यावा लागे. केतकीने दगडाला धक्का न लावता आतलं वाचणारं यंत्र केलं. काळ्या जाड कापडाची खोळ भिंतीला चिकटवायची, आत अवरक्त किरणांचे ठोके द्यायचे आणि बाहेर पडणारा एकेक प्रकाशकण कॅमेऱ्याने टिपायचा. कामावरचे लोक त्या खोळीला 'घुंगट' म्हणत आणि मग सगळं गाव तेच म्हणू लागलं.

घुंगटाची खुबी खोलवरचं वाचण्यात होती. दगडाचा वरचा केसभर थर उन्हात काही मिनिटांत रिकामा होतो, पण ऊन दगडात आत शिरायला फार आळशी. दोन-तीन मिलिमीटर आत पोचायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून तीनशे वर्षं उन्हात उभी असलेली भिंत बोटभर आतपर्यंत रिकामी असते. पण मधली पन्नास-साठ वर्षं तिच्यावर काही टेकून उभं असेल, तर तेवढ्या भागातल्या बादल्या पुन्हा थोड्या भरतात. पुढे ते टेकलेलं काढून टाकलं, वर ऊन पडलं, भिंत घासून स्वच्छ केली, तरी आतला थर ते विसरत नाही. जिथे वारंवार विस्तव पेटला तिथे उलट. उष्णतेनेही बादल्या पालथ्या होतात, त्यामुळे तिथे काळा डाग उरतो. केतकी हे सगळं टिपून, लाखपटीने वाढवून, प्रोजेक्टरने त्याच भिंतीच्या त्याच दगडांवर परत टाकणार होती. भिंतीची आठवण भिंतीवरच.

गावाने आधी कौतुक केलं, मग गाव थोडं बिचकलं. एका देवस्थानाची आठशे वर्षं जुनी ओवरी घुंगटाखाली गेली आणि अवघी नव्वद वर्षांची निघाली. विश्वस्तांनी केतकीला चहा दिला आणि पुन्हा येऊ नका असं फार गोड शब्दांत सांगितलं. एका भाऊबंदकीत सामाईक भिंतीला टेकून गोठा कोणाचा होता हे विचारायला दोन्ही बाजू तिच्या दाराशी आल्या. दगडाला तोंड फुटलं तर कोणाकोणाची पंचाईत होईल, यावर पानठेल्यावर पैजा लागल्या. उरकुडे त्या वेळी तिथेच पान खात उभे होते. त्यांनी पान अर्धवट थुंकलं आणि घरी आले.

डिसेंबरात केतकी महिनाभर राहायला आली आणि कोटाचं वाचन सुरू झालं. वडील रोज बरोबर असत. कुठल्या बुरुजाची डागडुजी कधी झाली, कुठला दगड बदललेला आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. उत्तरेच्या बाजूला वाघवेशीपासून पाणवेशीपर्यंतचा भाग शेवटी राहिला होता. तो शेवटी घ्या, तिथे काही विशेष नाही, असं उरकुड्यांनीच तीन वेळा सुचवलं होतं.

त्या दुपारी भिंतीसमोर टाकलेल्या टेबलावर केतकीने पडदा त्यांच्याकडे वळवला. राखाडी भिंतीवर फिकट उजेडाचे चौकोन होते. एकाला एक लागून, वाघवेशीपासून पाणवेशीपर्यंत. काही उंच, काही बुटके, वरची कड उतरती. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक गोल काळा डाग.

"बाबा, हे काय असेल?"

उरकुड्यांना ते काय आहे हे पडदा वळायच्या आधीपासून ठाऊक होतं. तोंडाला कोरड पडली. पण मोजणीखात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं कोरड्या तोंडानेही चालतं. पागा असतील, ते म्हणाले. घोडेस्वार पोलिसांच्या. मग ते काळे डाग कसले, असं तिने विचारलं, तेव्हा घोड्यांना हरभरा शिजवून घालत, त्याचे चुलाणे असतील, असंही त्यांनी सांगितलं. इतकं बारीक खोटं आपल्याला इतक्या पटकन सुचावं याची त्यांना त्याच क्षणी शिसारी आली.

केतकीच्या कपाळावर आठी होती. भरलेला थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ होता, म्हणजे त्यावर ऊन पडून फार वर्षं झाली नव्हती; तिच्या हिशेबाने हे छप्पर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत उभं असायला हवं. यंत्राच्या आकड्यात दहा-वीस वर्षांची चूक होऊ शकते, हेही खरं. बाराव्या वर्षी तिने गाव सोडलं होतं आणि लहानपणी ती कोटाच्या या बाजूला कधी आली नव्हती. तिने विचारलं, इथे कोणी राहत नव्हतं ना? उरकुडे म्हणाले, कोट मोकळा करण्याआधीची मोजणी मीच केली आहे, शून्य कुटुंबं.

"तुम्ही केलीय म्हणजे प्रश्नच मिटला," केतकी म्हणाली आणि यंत्राचा आकडा तिने वडिलांच्या शब्दाखातर बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. ती निवेदन लिहायला बसली आणि उरकुडे भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसून राहिले.

२०२२ साली त्या भिंतीला टेकून बुरडांची वस्ती होती. बांबूच्या ताटव्यांची, मातीने लिंपलेली घरं. मागची भिंत म्हणजे कोट. साठ वर्षं तिथे सुपं, टोपल्या, धान्याच्या ढोल्या विणल्या जात होत्या. कोट मोकळा करायचं ठरलं, तेव्हा तिथल्या माणसांना नदीपलीकडे पक्की घरं द्यायची योजना आली. कुटुंब कशाला म्हणायचं यावर मात्र नियम होता. कागद असतील-नसतील, पण जिथे तपासणीच्या वेळी पेटती किंवा गरम चूल आढळेल ते एक कुटुंब. चूल वेगळी तर घर वेगळं, हे गावात शेंबडं पोरही सांगतं. म्हणून नियमही कोणाला वावगा वाटला नाही.

घरं कमी होती आणि माणसं जास्त. वरच्या साहेबांनी उरकुड्यांना बोलावून सांगितलं, उत्तरेकडून शून्य यायला पाहिजे, पण खोटं काही लिहायचं नाही. साहेब लोक असंच बोलतात. उरकुड्यांचा नागपूरच्या बदलीचा अर्ज तेव्हा त्याच टेबलावर पडून होता. केतकी बारा वर्षांची होती आणि सावरकोटच्या शाळेत विज्ञानाला वर्षभर मास्तर नव्हता.

त्या रात्री जेवताना उरकुड्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर गेली. श्रावण शुद्ध सप्तमी. शिळासप्तमी. त्यांची आई पाळायची. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, सप्तमीला चूल लिंपायची, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर विस्तवाचं नाव घ्यायचं नाही. वर्षातून एक दिवस चुलीलाही विश्रांती. बुरडवस्ती ही सप्तमी कडक पाळते हे गावाला माहीत होतं. उरकुड्यांनी तपासणीची तारीख त्याच दिवसाची टाकली.

कौतिकाबाई पातर ही वस्तीतल्या देवीच्या ठाण्याची दिवाबत्ती बघणारी बाई. तेव्हा पंचेचाळिशीची, कामाला वाघीण. मोजणीवाले आले म्हणून तिने अंगणात चटई टाकली. उरकुडे घरोघर गेले. लिंपलेल्या, हळदकुंकू लावलेल्या चुली बघितल्या, हात लावून थंड असल्याची खात्री करून घेतली. निघताना कौतिकाबाईने त्यांना बसवलं. "आज आमच्या चुलीले सुटी हाये जी. थंडं हाये, पण खाऊन जा," म्हणाली. पळसाच्या पानावर दहीभात, दशम्या आणि कालचे वडे. ते जेवले. दुसरा वडा मागून घेतला. मग शेजारच्या झाडाखाली बसून त्यांनी रकान्यात लिहिलं: पेटती अथवा गरम चूल आढळली नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं.

दिवाळीनंतर वस्ती उठली. कोटाच्या दक्षिण अंगाला टेकून राहणाऱ्यांना घरं मिळाली, त्यांची तपासणी वेगळ्या दिवशी झाली होती. उत्तरेकडचे नदीपलीकडे मुरमाच्या खाणीच्या कडेला जाऊन पडले. उरकुडे तोवर नागपुरात होते, ते निवृत्त झाल्यावरच गावी परतले. केतकीला चांगली शाळा मिळाली, विज्ञानाची बाई मिळाली, पुढचं सगळं मिळालं. उरकुड्यांनी मनाशी एक वाक्य करून ठेवलं होतं, मी खोटं लिहिलं नाही, आणि बावीस वर्षं ते वाक्य त्यांना पुरलं होतं.

प्रकाशपर्वाच्या पहिल्या संध्याकाळी साडेसहालाच उत्तरेच्या मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. उरकुड्यांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. अंगात ताप असल्याचं सांगून घरी राहायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला होता. पण केतकीने त्यांचं कपाळ चाचपून, काही नाही झालेलं, चला, असं म्हणून त्यांना आणलं होतं. आभाराच्या फलकावर सगळ्यात वर त्यांचं नाव होतं.

दिवे मालवले गेले. आधी पूर्वेचा बुरूज उजळला, मग वेशीवरची कमान, जिथे तोफगोळ्यांनी पडलेले दगड बदलले होते ती ठिगळं. लोक वा वा करत होते. आणि मग वाघवेशीपासून पाणवेशीपर्यंत ते चौकोन हळूहळू भिंतीतून वर आले, दुधाच्या सायीसारखे फिकट. माणसाच्या उंचीची घरं, माणसाच्या हाताशी काळे डाग. केतकीचा ध्वनिमुद्रित आवाज सांगू लागला की इथे घोडेस्वार पोलिसांच्या पागा होत्या आणि घोड्यांसाठी इथे हरभरा शिजे.

गर्दीच्या डाव्या बाजूने एक म्हातारी दोरीखालून वाकून पुढे आली. पहारेकऱ्याने हटकलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती भिंतीशी गेली, चौकोन बोटाने मोजत चालत राहिली आणि एकापाशी थांबून काळ्या डागासमोर खाली बसली. उजवा गुडघा वर, डावा पाय दुमडलेला, तोंड विस्तवाकडे. स्वयंपाक करणारी बाई बसते तशी.

तिच्यामागून आणखी एक गेली. मग एक म्हातारा, मग तिघी. पहारेकऱ्याने एकीला विचारलं तर ती म्हणाली, माझी चूल आहे, बसते घडीभर. बघता बघता वीस-पंचवीस माणसं आपापल्या डागासमोर बसली. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं ते डाग तसेच रिकामे राहिले. निवेदन अजून घोड्यांबद्दल बोलत होतं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं, आणि एवढ्या मोठ्या मैदानात केतकीचा मुद्रित आवाज तेवढा हरभऱ्याचं सांगत राहिला.

केतकीने ध्वनी बंद केला आणि ती धावत भिंतीशी गेली. उरकुडेही उठले. का उठले ते त्यांना सांगता आलं नसतं. पळून जायचं तर उलट्या दिशेला वाट मोकळी होती. पहिली बसलेली म्हातारी कौतिकाबाई आहे हे त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. एक गोष्ट मात्र जवळ गेल्यावर दिसली. बाकीची माणसं आपसांत बोलत होती, एकमेकांना खुणा दाखवत होती. कौतिकाबाईच्या दोन्ही बाजूंच्या डागांसमोरच्या बायकांनी तिच्याकडे पाठ केली होती.

केतकी तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिने विचारलं, मावशी, इथे घरं होती? कौतिकाबाईने शांतपणे सगळं सांगितलं. घरं होती, साठ वर्षं होती. मोजणी झाली तेव्हा चुली थंड होत्या, म्हणून कागदावर घरं नव्हती.

"सगळ्यांच्याच थंड? एकाच दिवशी?" केतकीने विचारलं.

शेजारची बाई मागे न वळता बोलली. ती मथाबाई, कौतिकाबाईची जाऊ. "तिलेच इचारा. मोजणीवाले येतेत असं आइकलं होतं आमी. मी म्हनलं, एक एक काडी तरी लावू. तर ही ठाण्यावरची बाई म्हने, देवी कोपंन. साऱ्याइच्या चुली हिनं थंड ठेवल्या. देवी नाई कोपली, पन घरं गेली. बावीस वर्सं झाली, हिच्या घरचं पानी पेत नाई आमी."

कौतिकाबाईने पदर पुढे ओढला. हे तिला नवं नव्हतं.

उरकुड्यांनी बावीस वर्षांत पुष्कळ गोष्टींची कल्पना करून ठेवली होती. कोणी शिव्या देईल, कोणी अर्ज करेल, एखादा पत्रकार दारात येईल. आपण केलेलं दुसऱ्या कोणाच्या माथी बसलं असेल, आणि ती बाई रोज ते डोक्यावर घेऊन पाण्याला जात असेल, हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. आजवर वाटत होती ती पकडले जाण्याची भीती होती, लाज नव्हे, हे त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. अजूनही गप्प राहता येत होतं. केतकीने त्यांच्याकडे वळून 'बाबा?' म्हटलं होतं, आणि त्या आवाजात अजून पूर्ण विश्वास होता. तुम्ही सांगाल ते खरं, असा. आठवत नाही म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं.

"कौतिकाबाई," ते म्हणाले, "मी उरकुडे. मोजणी मी केली होती. त्या दिवशी चुली थंड असतात हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तो दिवस धरला."

मथाबाई वळली. आजूबाजूची माणसं वळली. कौतिकाबाईने वर बघितलं.

"साहेबानं सांगतलं असंन तुमाले," ती म्हणाली. ती त्यांना वाट काढून देत होती, हे तर आणखी वाईट.

"साहेबांनी शून्य आणा म्हटलं होतं. दिवस मला सुचला. कॅलेंडरात बघून."

"मंजे आमी काडी लावली असती त..."

"तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुमची चूक नव्हती. देवीचीही नव्हती."

कौतिकाबाईने मान हलवली. मग स्वतःशी बोलावं तशी ती म्हणाली, "आन तुमी जेवले."

"हो."

"वडा मांगून घेतला."

केतकी उठून उभी राहिली. तिने वडिलांकडे बघितलं नाही. ती भिंतीवरचे काळे डाग मोजू लागली, वाघवेशीपासून पाणवेशीपर्यंत चालत, प्रत्येकापाशी थांबून. एकेचाळीस भरले. मग तिने प्रोजेक्टर बंद करायला सांगितला, कोणी कुरकुर केली तर तिकडे लक्ष दिलं नाही, आणि मैदान हळूहळू रिकामं झालं.

घरी आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"माझ्यासाठी केलंत?"

इतकी वर्षं त्यांनी स्वतःला तेच सांगितलं होतं. हो म्हणायची इच्छा झाली. पण हो म्हटलं असतं तर ओझं पुन्हा दुसऱ्याच्याच डोक्यावर गेलं असतं, तेही पोटच्या पोरीच्या.

"तसं मी स्वतःला सांगत आलो," ते म्हणाले. "शाळा दुसऱ्या वाटेनेही मिळाली असती. मला सोपी वाट हवी होती."

केतकी खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, यंत्र बरोबर सांगत होतं आणि मी तुमचं ऐकलं. विज्ञानात याला काय म्हणतात ते मी मुलांना शिकवते. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने जेवण वाढलं, एकच ताट वाढलं, आणि आपल्या खोलीकडे जाताना म्हणाली, "उद्यापासून त्या भिंतीचं निवेदन तुम्ही करायचं. लिहून देणार नाही मी."

पुढच्या चार संध्याकाळी हेमराज उरकुडे मैदानावर माईकसमोर उभे राहिले. पहिल्या दिवशी कोणीतरी खुर्ची आणून दिली. त्यांनी ती घेतली नाही. इथे बुरडांची वस्ती होती, एकेचाळीस चुली होत्या, मी शिळासप्तमीचा दिवस शोधून काढला आणि शून्य लिहिलं. एवढंच. बातमी पसरली तशी गर्दी वाढली. काही लोक उजेड बघायला येत होते आणि काही उरकुड्यांना बघायला. एकाने चप्पल फेकली, ती लागली नाही. दिवसा ते जिल्हा कचेरीत गेले आणि लेखी जबाब देऊन आले. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, जुनी फाइल उघडेल, पण किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, आणि तुमच्यावर कारवाई मात्र लवकर होईल. उरकुडे बरं म्हणाले. केतकी या चार दिवसांत त्यांच्याशी कामापुरतं बोलली. बाबा अशी हाक तिने मारली नाही, आणि त्यांनीही त्या हाकेची वाट बघायची नाही असं ठरवलं होतं, ते त्यांना जमलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कौतिकाबाई आली. बरोबर मथाबाई होती. दोघी मिळून निघाल्या होत्या की वाटेत गाठ पडली होती, कोण जाणे. दोघींमध्ये हातभर अंतर होतं, पण पाठ कोणी कोणाकडे केली नव्हती.

"तुमी एकेचाळीस सांगता," कौतिकाबाई म्हणाली. "बेचाळीस होत्या."

केतकी जवळच वायरी जोडत होती. ती थांबली. तिने पडदा उघडून त्यांना दाखवला, तपासणी तीनदा केली होती, एकेचाळीसच डाग होते. कौतिकाबाईने पाणवेशीजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे भिंत कोरी होती. तिथे मथाबाईच्या पोरीचं, रंजूचं घर होतं. लग्नानंतर सासरच्यांपासून वेगळं होऊन त्याच आषाढात तिने चूल मांडली होती, दीड महिनाही झाला नव्हता. घर उठलं त्या थंडीत खाणीच्या कडेलाच रंजू बाळंतपणात दगावली.

केतकी हळू आवाजात म्हणाली की एवढ्याशा दिवसांत दगडावर काही उमटत नाही. ना छपराची सावली, ना विस्तवाची ऊब. घुंगटाने कितीही बघितलं तरी ते दिसणार नाही. यंत्राकडे त्या घराचा पुरावा नव्हता आणि कधीच असणार नव्हता.

मथाबाई उरकुड्यांकडे बघत होती.

उरकुड्यांनी खिशातून पेन काढलं. निवेदनाचा कागद गुडघ्यावर ठेवला, एकेचाळीस खोडलं, वर बेचाळीस लिहिलं. मग पोरीचं नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं, दोन्ही लिहिली. अक्षर नीट आलं होतं. त्यांनी कागद दुमडायला घेतला तेव्हा मथाबाईने तो धरला.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "मांगच्या टायमाले नव्हतं दाखवलं."

उरकुड्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.